पडद्याच्या अलीकडे

एस्तेरताईंची आणि माझी ओळख माझ्या एका शिवीमुळे झाली.

इंग्लंडमध्ये, हॅम्पशरमधल्या एका हॉस्पिटलात, म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डवर माझा तो पहिला आठवडा होता. पुण्याहून येऊन जेमतेम महिना झालेला. एका आजीबाईंचं रक्त काढायचं होतं आणि शीर काही केल्या सापडत नव्हती. डाव्या हाताला दोनदा टोचलं, उजव्या हाताला एकदा टोचलं. आजीबाई बिचाऱ्या मलाच धीर देत होत्या, "टेक युअर टाइम, लव्ह." तिसऱ्यांदा सुई फुकट गेली तेव्हा मी दातांतल्या दातांत एक अस्सल पुणेरी शिवी हासडली. इथे कुणाच्या बापाला कळतंय, या भरवशावर.

"डॉक्टर," पडद्यापलीकडून खणखणीत मराठी आलं, "इथे कुणाला कळत नाही म्हणून वाट्टेल ते बोलायचं का?"

सुई हातातून पडायचीच काय ती बाकी होती. पडदा सरकला आणि पन्नाशीच्या, बुटक्या, सावळ्या, घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई आत आल्या. वॉर्ड सिस्टरचा गडद निळा युनिफॉर्म. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोमट पाण्याचं भांडं आणलं, आजीबाईंचा हात त्यात पाच मिनिटं ठेवला, पुसला, मनगटाजवळ दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "आता टोचा." पहिल्या झटक्यात रक्त आलं.

"गरम पाणी," त्या म्हणाल्या. "मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं."

पुढची सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. कागदोपत्री डॉक्टर मी होतो आणि सूचना मी द्यायच्या होत्या, पण तो कागदाचा गैरसमज होता. मला त्या चारचौघांत "डॉक्टर, तुम्ही" म्हणत. फक्त एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली किंवा खरडपट्टी काढायची असली की "निखिल" म्हणत. सात वर्षांत असं चार-पाच वेळाच झालं असेल, पण प्रत्येक वेळ माझ्या लक्षात आहे.

एस्तेर साळवे मूळच्या नगरच्या. घराणं तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकून, लग्न करून, नवऱ्यामागोमाग इकडे आल्या. कागदी कपातला चहा त्यांना चालत नसे. लॉकरमध्ये एक स्टीलचा पेला होता, लग्नातला, काठाजवळ "सॅमसन-एस्तेर" असं कोरलेला. तो गरम झाला की पदर नसल्यामुळे त्या युनिफॉर्मच्या टोकाने धरत आणि इन्फेक्शन कंट्रोलवाल्या बाईची बोलणी खात. सकाळी औषधांची ट्रॉली घेऊन निघायच्या आधी तिच्यावर हात ठेवून दोन सेकंद डोळे मिटून उभ्या राहत. नव्या नर्सेसना वाटे, गोळ्या मोजतायत.

"काय मागता हो दोन सेकंदांत?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. आज माझ्या हातून कुणाला चुकीची गोळी जाऊ नये, आणि माझ्या तोंडून कुणाला चुकीचा शब्द जाऊ नये. पहिलं जमतं. दुसऱ्याचं अवघड आहे."

ही प्रार्थना मराठीत असायची. तीस-बत्तीस वर्षं या देशात काढून, मुलगी इथेच वाढवून, चर्चमध्ये दर रविवारी इंग्रजी गाणी म्हणूनही देवाशी बोलायची भाषा त्यांनी बदलली नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "इंग्रजीत मला खोटं बोलता येतं हो. 'आय ॲम फाइन' दिवसातून चाळीसदा म्हणते, काही होत नाही. मराठीत जीभ अडते."

तेव्हा मी हसलो होतो. वॉर्डवर सगळ्यांना सांगितलंही होतं.

एका दिवाळीला मी त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला घेऊन गेलो. बेसिंगस्टोकमधल्या एका शाळेचा हॉल, टेबलांवर चिवड्याचे डबे, लहान मुलांचे नाच. एका काकूंनी अगदी प्रेमाने विचारलं, "अय्या, तुम्ही आपल्या मराठी! मग तुम्ही कधी बाटलात?"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ताईंनी हातातली चकली मोडली. "मी नाही हो बाटले. मी जन्मले. बाटले असतील ते माझे पणजोबा, आणि ते आता विचारायला भेटत नाहीत." मग चकली खाऊन म्हणाल्या, "मोहन जरा जास्त झालंय. पण खुसखुशीत आहे."

काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष स्वतः ताट वाढून घेऊन आले आणि ताईंशेजारी खुर्ची ओढून बसले. हे शिरीषदादा. आमच्याच हॉस्पिटलात हृदयरोगाचे कन्सल्टंट. मी या देशात उतरलो तेव्हा मला हीथ्रोवर घ्यायला तेच आले होते, आणि जागा मिळेपर्यंत महिनाभर त्यांच्या घरातल्या छोट्या खोलीत मी राहिलो होतो. त्यांच्या बायकोने माझे डबे भरून दिले, दादांनी मला रस्ते, बँक, बोलण्याच्या रीती सगळं शिकवलं. त्या दिवशी ताई नगरच्या आहेत हे कळल्यावर ते खुलले. "आमचे आप्पासुद्धा नगरचे! इकडे आणायचंय आता त्यांना. एकदा भेटवतो."

परतताना गाडीत मी काकूंबद्दल माफी मागू लागलो. ताई म्हणाल्या, "सोडा हो. चर्चमधल्या बायका मला विचारतात, तू हिंदू कधीपासून नाहीस? तुमच्या मंडळातल्या विचारतात, तू ख्रिश्चन कधीपासून आहेस? दोघींना एकदा शेजारी बसवावं म्हणते मी, म्हणजे माझी सुटका होईल." त्या वर्षी नाताळात त्यांनी मंडळाला दोन डबे करंज्या पाठवल्या. वॉर्डवर त्या दरवर्षीच आणत. इंग्रज नर्सेस त्यांना, इथल्या करंजीसारख्या एका पदार्थावरून, "एस्तेरच्या पेस्टीज" म्हणत आणि कपाटात लपवून ठेवत.

हे सगळं वाचून वाटेल, बाई देवभोळ्या आणि आनंदी होत्या. देवभोळ्या मुळीच नव्हत्या. त्यांचे नवरे, सॅमसनभाऊ, पक्षाघाताने अंथरुणाला खिळले तेव्हाची गोष्ट. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. दिवसभर वॉर्डवर दुसऱ्यांची अंगं पुसायची आणि घरी जाऊन नवऱ्याचं. चार वर्षं. त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्या चर्चवरून चाललो होतो, तर पार्किंगमध्ये ताईंची लाल गाडी आणि आत ताई. कोट घालून, काच वर करून, नुसत्या बसलेल्या. मी काचेवर टकटक केलं.

"ताई, चर्च सुटलं का?"

"नाही. चालू आहे."

"मग तुम्ही बाहेर?"

"त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे."

"कुणाशी? इथल्या पाद्र्याशी, त्या व्हिकरशी?"

"व्हिकरशी कशाला भांडू? तो गरीब आहे. वरच्याशी."

मी म्हटलं, मग घरी का नाही थांबत? थंडीत कुडकुडत इथे कशाला? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भांडण झालं म्हणून पत्ता बदलतात का? आत जाणार नाही मी. पण मी कुठे आहे ते त्याला दिसू दे."

आठ महिने दर रविवारी त्या तशा गाडीत बसल्या. व्हिकरही अजब माणूस. पहिलं गाणं झालं की चहाचा मग घेऊन बाहेर येई, काचेतून देई आणि एक शब्द न बोलता परत आत जाई. ताई तो चहा सोबत आणलेल्या आपल्या स्टीलच्या पेल्यात ओतून घेत. मग एके दिवशी मला कळलं की त्या आत जायला लागल्या. मी चेष्टेने विचारलं, "झाला का समेट?"

"कसला समेट! पाऊस होता आणि मला बाथरूमला जायचं होतं. आत गेले तर शेवटचं गाणं चाललेलं. माझी तिसऱ्या बाकावरची जागा तशीच रिकामी. चर्च भरलेलं होतं, तरी कुणी बसलं नव्हतं. मग बसले." पुढे म्हणाल्या, "सॅमसन काही बरा व्हायचा नाही, निखिल. मला माहितीये. पण जागा ठेवली होती हो त्यांनी."

सॅमसनभाऊ गेले त्यानंतर दीड वर्षाने शिरीषदादांचे आप्पा आमच्या वॉर्डवर आले. वय सत्त्याऐंशी. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी. डोकं मात्र लख्ख. फक्त जसजसे दिवस गेले तसतसं त्यांचं इंग्रजी गळून पडलं आणि नुसतं मराठी उरलं. त्यामुळे ताईंना आणि मला त्यांच्यापाशी सारखं बोलावणं येई. आप्पा आणि ताई यांचं नगर एकदा सुरू झालं की थांबत नसे. कुठल्या पेठेत कुठलं दुकान होतं यावरून दोघं चक्क भांडत. आप्पा रोज संध्याकाळी त्यांचं नेहमीचं स्तोत्र फोनवर ऐकत. हाताला कंप होता, बटण दाबता येत नसे, म्हणून ते ताई लावून देत. चर्चमधल्या प्रार्थना-गटातल्या एका बाईने हे ऐकून त्यांना टोकलं होतं. ताईंनी तिला सांगितलं, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात, बटण मी दाबते. कुणी ऐकायचं ते ज्याचं तो बघेल."

हॉस्पिटलचा नियम साफ होता. कर्मचाऱ्याने आपला धर्म आपण होऊन पेशंटपुढे आणायचा नाही. पेशंटने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. हा नियम ताईंना पाठ होता, नव्या पोरींना त्याच समजावून सांगत.

ती दुपार. भेटायच्या वेळेला अजून वीसेक मिनिटं होती. मी शेजारच्या खाटेपाशी उभा राहून नोट्स लिहीत होतो. आप्पांची खाट तीन फुटांवर. ताई त्यांची उशी सारखी करत होत्या.

"बाई," आप्पा म्हणाले, "आम्हाला शाळेत रोज सकाळी एक प्रार्थना असायची. मिशनची शाळा होती ना. आमचे मास्तर डोळे उघडे ठेवून म्हणायचे, आमच्यावर नजर ठेवायला." हसले, खोकले. "सकाळपासून आठवतोय. अर्धी येते, पुढचं येतच नाही. म्हणा की."

"आप्पा, मला नाही म्हणता येत इथे आपण होऊन. नियम आहे."

"आपण होऊन कुठे? मी सांगतोय ना? म्हणा."

"शिरीष येतीलच आता. त्यांना विचारू या का?"

"प्रार्थना मला म्हणायचीय. त्याला कशाला विचारता?"

मी वळलो आणि त्यांच्या खाटेचा माझ्या बाजूचा पडदा ओढून दिला. जरा आडोसा व्हावा म्हणून. मी ओढत असताना ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्यांनी आप्पांचा हात धरला आणि हळू आवाजात सुरुवात केली. आप्पा मागोमाग म्हणत होते, शाळेतल्या मुलासारखं हेल काढून. जिथे त्यांना आठवत नव्हतं ती ओळ आली तेव्हा "हां, हां, हेच!" असं मोठ्यांदा म्हणाले. मला हसू आलं होतं. हे सगळं मी ऐकलं. पडदा कापडाचा होता.

"आमेन" झालं आणि दुसऱ्या बाजूने शिरीषदादा आले. त्या दिवशी त्यांचं क्लिनिक लवकर आटपलं होतं. त्यांनी बघितलं ते एवढंच, की डोळे मिटलेले वडील, त्यांचा हात सिस्टरच्या हातात, आणि कानावर शेवटी आलेला येशूच्या नावाचा शब्द. ते ओरडले नाहीत. इंग्रजीत, अगदी हळू म्हणाले, "व्हॉट इज गोइंग ऑन हिअर?"

आप्पा दमून झोपी गेले होते. संध्याकाळी त्यांची शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मधे एक शब्द बोलले नाहीत.

आठवड्याने दादांनी तक्रार दिली. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. मला ते कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा दाढी वाढलेली होती, डोळे लाल होते. "शेवटचं भान होतं रे आप्पांना तेव्हा. शेवटचं. मी वीस मिनिटं आधी पोचलो असतो तर माझ्याशी बोलले असते. ते तिने घेतलं. जन्मभर संध्या केलेला माणूस, आणि त्याच्या कानात जाताना काय?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप्पा असं मागणारच नाहीत. तू तिथे होतास ना? तुला काही तसं ऐकू आलं नाही ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

एवढंच झालं. ते म्हणाले, "मला वाटलंच." आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मी स्वतःला सांगितलं, माणूस दुःखात आहे, आत्ता वाद कशाला. मी स्वतःला सांगितलं, चौकशीत सगळं आपोआप बाहेर येईल. दोन महिन्यांनी माझी कन्सल्टंटच्या जागेची मुलाखत होती आणि पॅनेलवर दादांचे दोन मित्र होते, हे मात्र मी स्वतःला सांगितलं नाही. ते आधीच ठाऊक होतं.

चौकशीत काही आपोआप बाहेर येत नसतं. ताईंनी सांगितलं की आप्पांनी स्वतः मागितली. विचारलं, कुणी ऐकलं का? त्या म्हणाल्या, डॉक्टर शेजारी होते. त्या वॉर्डवर मराठी समजणारा दुसरा माणूस मी एकटा. मला लेखी जबाब मागितला. अर्ध्या पानाचा. मी तो घरी बसून लिहिला, तीनदा वाचला, स्वल्पविरामसुद्धा तपासले. सरळ खोटं मी लिहिलं नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. मी लिहिलं की मी जवळपास होतो, पण माझं लक्ष दुसऱ्या पेशंटच्या नोट्समध्ये होतं आणि त्या दोघांत काय बोलणं झालं हे ऐकण्याच्या स्थितीत मी नव्हतो. इंग्रजीत ते फार सभ्य दिसलं. कानांवर हात ठेवले आणि खाली सही केली.

मग त्याहून वाईट काम मी केलं. हॉस्पिटलने ताईंना सुचवलं होतं की त्यांनी एका कागदावर सही करावी: प्रार्थना माझ्या पुढाकाराने झाली, माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही. मग ताकीद देऊन प्रकरण मिटेल. नाहीतर पेशंटांपासून दूर करावं लागेल. त्या सही करेनात. तेव्हा मीच त्यांच्या घरी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. त्यांनी सही केली असती तर माझा जबाब कुणी पुन्हा उघडून बघितला नसता, म्हणून गेलो.

ताईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. माझा जबाब त्यांना दाखवलेला होता, हे मला माहीत होतं. त्यांनी विषय काढला नाही. मीच काढला.

"ताई, करून टाका ना सही. कशाला ताणायचं? एका ओळीचा तर प्रश्न आहे."

त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे वळल्या. "एका ओळीचाच प्रश्न आहे, निखिल."

चहा गाळत त्या पुढे म्हणाल्या,

"आप्पांनी मागितली. मी नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा मागितली. मी सही केली तर त्या म्हाताऱ्याचं शेवटचं मागणं मी खोटं पाडलं असं होईल. कुणीतरी ते खरं ठेवायला नको का? आणि कागद इंग्रजीत आहे. मग तर मुळीच नको." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साखर एकच ना?"

तो चहा मी कसा प्यायलो ते मला आठवत नाही.

त्यांना कामावरून काढलं नाही. वॉर्डवरून काढलं. निळा युनिफॉर्म जमा करून घेतला आणि तळघरात जुन्या केस पेपरांचं स्कॅनिंग करायला बसवलं. पस्तीस वर्षं माणसांना हात लावलेली बाई, आता फक्त कागदांना हात लावायचा. एका ख्रिस्ती संस्थेचे लोक त्यांच्याकडे आले, म्हणे आपण हे वर्तमानपत्रात नेऊ, छळ झाला म्हणू, कोर्टात लढू. ताईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "आप्पांचं मरण पेपरात नको. त्यांचा मुलगा अजून रडतोय." चर्चमधले काही जण त्यावरूनही नाराज झाले, की श्रद्धेची साक्ष द्यायची संधी घालवली. म्हणजे पुन्हा दोन्हीकडून.

मी कन्सल्टंट झालो. दादांनी हार घातला. तळघरावरून जाणारा जिना माझ्या ऑफिसला जवळचा होता, पण मी वर्षभर लांबच्या लिफ्टने गेलो. एकदाच चुकून गेलो. काचेतून दिसलं, ताई मशीनसमोर उभ्या. स्कॅनरवर हात, डोळे मिटलेले. दोन सेकंद. मग त्यांनी पहिला कागद उचलला. मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

त्या वर्षाअखेरीस निवृत्त झाल्या. निरोपाच्या केकला मी गेलो नाही. मीटिंग होती असं कळवलं. मीटिंग खरंच होती, हे सांगून ठेवतो.

त्यांची शेवटची भेट गेल्या ऑक्टोबरमधली. मधे पाच वर्षं गेली होती. त्या पाच वर्षांत मी एकाही पेशंटच्या खाटेचा पडदा सरळ मनाने ओढला नाही, हे अतिशयोक्ती वाटेल, पण खरं आहे. त्या रविवारी मी बायकोला दूध आणायला जातो म्हणून निघालो आणि चर्चच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबलो. आतून गाणं ऐकू येत होतं. मला आत जायचं नव्हतं. मी देव मानतो की नाही हेही मला नीट सांगता येणार नाही. मी नुसता इंजिन बंद करून बसलो.

पहिलं गाणं संपलं आणि बाजूच्या हॉलचं दार उघडलं. ताई बाहेर आल्या. पार वाळलेल्या, डोक्याला लोकरीची टोपी, पायात घरातल्या चपला. हातात स्टीलचा पेला, टॉवेलमध्ये धरलेला. आजार पोटात पसरलाय हे मला कुणाकडून तरी कळलेलं होतं. त्या सरळ माझ्या गाडीपाशी आल्या. मी काच खाली केली.

"आत नाही आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या. "गरम आहे, जपून धरा."

मी पेला घेतला. घेताना थोडा चहा मांडीवर सांडला. बोलायचं म्हणून शंभरदा जुळवून ठेवलेलं होतं, त्यातलं काही आठवेना. "ताई, मला ऐकू आलं होतं," एवढंच आलं.

"मला माहितीये. पडदा तुम्हीच ओढलात ना."

"मी चुकलो. माफ करा."

त्यांनी काचेच्या कडेवर हात ठेवला. हातावर सलाइनचे निळे डाग होते. "माझं ते केव्हाच झालं, निखिल. पहिले काही महिने तुझं नाव घेतलं की दात आवळले जायचे, ते खोटं नाही सांगणार. पण झालं." पहिल्यांदाच त्या मला अरे-तुरे करत होत्या. "मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला सांग. त्या पोराला वाटतंय, बापाला शेवटच्या घडीला कुणीतरी फसवलं. हे ओझं घेऊन फिरतोय तो इतकी वर्षं."

दादा आता पासष्ट वर्षांचे आहेत. ताईंच्या लेखी अजून पोर.

"सांगतो," मी म्हणालो.

"चहा संपव. पेला मग दे." असं म्हणून त्या वळल्या. सावकाश, एकेक पाऊल बघत चालल्या होत्या. पार्किंगच्या मधोमध दम घ्यायला थांबल्या. मला वाटलं उतरून हात द्यावा, पण तेवढ्यात दारातून कुणीतरी आलं आणि त्यांना धरून आत घेऊन गेलं. त्यांनी चपला पायपुसण्यावर नीट पुसल्या आणि दार लागलं.

पेला परत द्यायचा राहिला. जानेवारीत ताई गेल्या. मी अंत्यविधीला गेलो, सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. नंतर त्यांची मुलगी रूथ हातात एक मळकं कार्ड घेऊन माझ्यापाशी आली. जन्म इथलाच, मराठी तोडकंमोडकं. "डॉक्टर निखिल ना? आईचा बायबलमध्ये हा लिस्ट होता. रोज प्रे करायची, एव्हरी मॉर्निंग. तुमचा नाव आहे." कार्डावर ताईंच्या वळणदार मराठी अक्षरात पंधरा-वीस नावं होती. बरीच मी ओळखत नव्हतो. खाली एकापाठोपाठ तीन नावं होती: आप्पा, शिरीष, निखिल. शाई तिन्हींची एकच होती. माझा जबाब त्यांना दाखवला त्याच आठवड्यातली असणार.

"यू वर हर फेव्हरिट, नाही का?" रूथने विचारलं.

तिला आईने काहीच सांगितलेलं नव्हतं. आणि मी, ताईंच्या शवपेटीपासून दहा पावलांवर उभा राहून, "हो" म्हणालो.

त्याला आता चार महिने झाले. "सांगतो" म्हटल्याला सात. शिरीषदादांचं घर माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथे सिग्नल नाही, वळण नाही, थांबायला कसलीही अडचण नाही. मी दोनदा बेल वाजवली. दोन्ही वेळा त्यांनी आनंदाने आत घेतलं, आम्ही मंडळाच्या कार्यक्रमांबद्दल बोललो आणि मी परत आलो. तोंडाने जमत नाही हे कळलं म्हणून लिहायला बसलो. इंग्रजीत सुरू केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला फार सभ्य दिसायला लागलं, म्हणून फाडलं आणि मराठीत लिहिलं. दादा, तुम्हाला मराठी छान वाचता येतं. हे पाकीट मी तुमच्या दारातून आत सरकवणार आहे, सोबत ताईंचा पेलाही दाराशी ठेवणार आहे. तो रूथला देऊन या, मला तिला तोंड दाखवायची हिंमत नाही.

दादा, आप्पांना कुणी फसवलं नाही. प्रार्थना त्यांनी मागितली. ताई नाही म्हणाल्या, तेव्हा पुन्हा मागितली. विसरलेली ओळ सापडली तेव्हा ते "हां, हां, हेच!" म्हणाले, आणि हसले. मी पडद्याच्या अलीकडे तीन फुटांवर उभा होतो, आणि मला सगळं ऐकू आलं.